पंधरा हजारांत एक कमी

मी, एनॉक ट्रेगार, वय एकाहत्तर, राहणार सॅमन, लेम्ही काउंटी, आयडाहो राज्य. पाय गेले, डोके जागेवर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो.

घर, नदीकाठचे कुरण, गुरे, खोगीर व हत्यारे माझी पत्नी हेटी हिला मिळावीत. आमचे मूल कोणी हयात नाही. सोने धुण्याची परात शेजारी ऑल्सनला द्यावी. वीस वर्षे तो ती आपलीच म्हणतो, तंटा मिटो.

माझा पुतण्या ल्यूशियस म्हणतो की हेटी माझी पत्नी असल्याचा कुठे कागद नाही. खरे आहे, आणि दोष माझा आहे.

१८६८ साली लीसबर्गच्या खाणीवर पाद्र्याने आमचे लग्न लावले. त्याची वही पुढे जळाली. हेटी शोशोनी, या खोऱ्यातल्या मूळ टोळीतली. १८७० मध्ये हा मुलूख अजून राज्य नव्हता. या खोऱ्यातली शिरगणती माझ्याकडे आली. खेचरावरून मी घरन् घर हिंडलो. चिनी मजुरांची नावे ऐकली तशी लिहिली. शेवटी स्वतःच्या घराशी आलो आणि एकट्या माझीच नोंद केली. टोळीत राहणाऱ्यांना मोजू नये, असा नियम होता. मी त्याच्याआड लपलो. कचेरीतले वाचून हसतील, याची लाज वाटली होती.

तिने विचारले, "मला कुठं लिहिलंस?"

"तुझी माणसं मोजत नाहीत."

"मी राहते कुठं? तुझ्याच घरात ना?"

मी दौत बंद केली.

पुढे साऱ्या मुलखाची बेरीज छापून आली: चौदा हजार नऊशे नव्व्याण्णव. मी वाचून दाखवली. ती मासे चिरत होती. म्हणाली, "एक माणूस कमी पडलं तुमचं."

त्यानंतर दर मोजणीला ती नदीवर निघून जाई. १८९० साली राज्य झाले, मोजणीत आम्ही अठ्ठ्याऐंशी हजारांवर गेलो. मी बंदुकीचे बार काढले. ती बाहेर आली नाही. गेल्या वर्षी सरकारने तिच्या माणसांना फोर्ट हॉलच्या राखीव मुलखात हलवले, तेव्हा ल्यूशियस तिला म्हणाला, "बाई, आता तुम्हीही जा."

ती कुठेही जाणार नाही. घर तिचे आहे. ल्यूशियसला कागदच हवा, तर माझ्या हातची १८७० च्या शिरगणतीची नक्कल द्यावी; दुसरे काही नाही.

दुरुस्ती: हे वाचून दाखवल्यावर पत्नीने एकच हरकत घेतली. "हेटी हे तू ठेवलेलं नाव. माझं लिही." म्हणून वर जेथे जेथे हेटी आहे, तेथे हुइचू वाचावे. ही दुरुस्ती माझ्याच हातची.

सही: एनॉक ट्रेगार
समक्ष: एमोस किटरिज, लोहार, विल्हेल्मिना डॉस, शिक्षिका
सॅमन, १४ नोव्हेंबर १९०८