तळमजल्यावरचं पाळणाघर

९ ऑक्टोबर
ऑफिसातलं पाळणाघर दिवाळीनंतर बंद! जोखीम विभागाचे प्रमुख मुरलीसर, त्यांनीच सांगितलं.

कंपनीच्या जोखमींत यंदा प्रथमच पूर, उष्णता, पाणीटंचाई घेतली. शोळिंगनल्लूरची आमची इमारत दलदलीच्या काठावर. सर्व्हर, जनरेटर कधीच वर गेले. मुलं मात्र तळमजल्यावरच. माझ्या विभागातल्या जननीनं हे दाखवलं, मी मसुद्यात घातलं. पण जोखीम लिहिली की समोर उपाय लिहावा लागतो. आग लागली तर मुलांना खाली आणणं अवघड, म्हणून वर जागा नाही. उरलं काय? ‘जोखीम टाळणे.’ म्हणजे कुलूप.

आणि आम्ही मायेपोटी लिहिलं होतं!

१० ऑक्टोबर
घरी बायकोला, स्वरदाला सांगितलं. आमची लेक तनया रोज माझ्याबरोबर पाळणाघरात येते, म्हणून हिची गिंडीच्या ऑफिसातली नोकरी चालते.
“वा! धोका टाळलात की माझी नोकरी?”
मी ताट बाजूला सारलं. तशी म्हणाली, “जेव आधी.”

१३ ऑक्टोबर
पाळणाघर सांभाळणाऱ्या सीतालक्ष्मीअम्मा तंजावरच्या मराठी. मला तंबी म्हणतात, धाकटा भाऊ.
“ह्या पोरांस सोडून घरीं बसून काय करूं मी, तंबी?”
तनया त्यांच्या मांडीवर दहीभात खात होती. मला पाहून तोंड फिरवलं – घरी यायचं नव्हतं!

१५ ऑक्टोबर
जननी म्हणाली, “पाणी येईल तेव्हा मुलं तिथे नसली म्हणजे झालं ना!” खरंच की. हवामान खात्याचा इशारा आदल्या दिवशी मिळतो. नवा उपाय लिहिला : इशारा आला की पाळणाघर तेवढ्यापुरतं बंद, आणि त्या मुलांच्या पालकांनी घरून काम करायचं.

मुरलीसर : “म्हणजे पाऊस आला की तुमची मजा!”
जननी : “सर, सर्व्हर वर नेलात तेव्हा त्याला म्हणालात का, मजा आहे बुवा तुझी?”
हसले. हो म्हणाले नाहीत.

१६ ऑक्टोबर
मुरलीसरांकडून काही कळलं नाही.

१७ ऑक्टोबर
मंजूर! मुरलीसरांचा फोन. स्वरदानं तनयाला उचलून गरागरा फिरवलं.

२२ ऑक्टोबर
उद्यासाठी अतिवृष्टीचा नारिंगी इशारा. मुलं घरी राहणार, मीही. सगळं ठरल्याप्रमाणे.
स्वरदानं विचारलं, “आणि अम्मा?”
“त्याही घरी.”
“त्यांचं घर कुठल्या मजल्यावर आहे?”

तळमजल्यावर. आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही!

संध्याकाळी त्यांना इकडे आमच्या घरी, वरच्या मजल्यावर घेऊन येतोय. पाऊस पहाटेपासून अपेक्षित आहे.