आषाढातलं पापलेट

२ जुलै १९८४, सोम.
आज डबा कारखान्याच्या सायकल-स्टँडवर खाल्ला. पावसात, पत्र्याखाली, एका सायकलच्या कॅरियरवर ठेवून.
कँटीनला आमच्या स्टाफचं टेबल एकच. अकाउंट्सच्या दीक्षितबाई, त्यांच्या हाताखालचे दोघे आणि मी, रोज तिथंच जेवतो. आज माझ्या डब्यात बोंबलाची चटणी. झाकण उघडलं मात्र, बाईंचा पदर नाकाला. म्हणे, "कुंदा, राग मानू नकोस हं, पण हे तू बाहेर बसून खाशील का?"
राग मानू नकोस! थोबाडीत द्यायची आणि वर विचारायचं, लागलं नाही ना? ते दोघे पोळीत डोकं घालून बसले. आणि मी उठले! का उठले? तोंडाला काय कुलूप होतं?
दुपारभर टाइपरायटर असा बडवला की रिबन अडकली.

४ जुलै
रोज स्टँडवर. आज आईला सांगितलं. ती पालघरच्या बाजारातून सुक्या मासळीची टोपली घेऊन नुकती आलेली, पाय चोळत बसली होती. म्हणाली, "अगो, बाहेर बसून खाल्ली म्हणून चटणी कडू लागते काय? नायतर भाजी ने डब्यात. तोंड मिटून काम कर."
म्हटलं, भाजी नेणार नाही. "मंग पावसात भिज," म्हणाली आणि पाठ फिरवली.
त्या टेबलावर दीक्षितबाईंच्या लसणाच्या तिखटाला वास येत नाही. आमच्याच बोंबलाला येतो. ते टेबल काय त्यांच्या माहेराहून आलंय? मला माझ्या जागेवर बसून माझा डबा खायचाय. एवढंच. फार नाही मागत.

११ जुलै
पाटणकर साहेबांची बदली, वापीला. वर्क्स मॅनेजर जाणार म्हणजे निरोप समारंभ आलाच. कँटीनमध्येच, श्रावण लागायच्या आत. दीक्षितबाई सकाळपासून टेबलाटेबलाशी फिरतायत, प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा. विचारायची पद्धत कशी? विचारणं नाहीच. "तू कोशिंबीर. तू जिलबी." कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची बायको बाळंतपणाला गेलीय, काही नाही. साहेबांच्या नावानं वाटप.
मला काहीच सांगितलं नाही. मनात म्हटलं, बरं झालं.
चारला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. खुशीत. "कुंदा, तू शिरगावची ना? मग पापलेट तुझ्याकडे. चांगलं तळून, सगळ्यांना पुरेल इतकं!"
म्हटलं, "साहेब, आषाढ आहे. होड्या वर ओढल्यात. नारळी पुनवेपर्यंत समुद्रात कुणी जात नाही."
तर हसले. "अगं, तुम्हांला कसली बंदी? तुमच्या तर दारात समुद्र!"
इतकी वर्षं इथं काढली या माणसानं. दर हिवाळ्यात कुणा ना कुणाकडून पापलेट, कोळंबी "घरचीच आहे ना" म्हणून नेली. आणि पावसाळ्यात समुद्र बंद असतो हे ठाऊक नाही!
बाहेर दीक्षितबाई उभ्याच. म्हटलं, "बाई, मासे मग टेबलावरच ठेवायचे ना?" म्हणाल्या, "अगं, साहेबांच्या दिवसाची गोष्ट वेगळी."
वेगळी! म्हणजे वास माझ्या डब्याला, साहेबांच्या ताटाला नाही.

१२ जुलै
झोप नाही नीट. साहेबाचं बोलणं सकाळी घरात सांगितलं. दादा जाळं शिवत होता, हसला. "बर्फातलं आण मुंबईवरनं. त्यांना काय कळतंय?"
आई नाही हसली. "दारात समुद्र हाय तं त्याला म्हणावं, ये आणि उतर आत!" असं म्हणून चुलीपुढनं उठलीच. मामा असाच आषाढात होडी काढून गेला होता, कुणीतरी गळ घातली म्हणून. नुसती फळी आली परत. आईनं नाव घेतलं नाही, आम्हीही नाही. दादा जाळं टाकून बाहेर गेला.
मग आईच म्हणाली, "घरचं मागितलं ना? घरचंच ने. आमी आषाढात काय खातो ते बघू दे."

२४ जुलै
माळ्यावरचा डबा खाली काढला. आगोटीला, पाऊस लागायच्या आधी, भरून ठेवलेले सुके बोंबील. पाऊस संपेस्तोवर घराला पुरवायचे, त्यातले निम्मे आईनं काढले. मी म्हटलं, "इतके नको गं." तर, "घालशील तं पोटभर घाल. शिरगावची माणसं हात आखडतात असं नको."
ही तीच बाई, जी म्हणत होती भाजी ने!

२५ जुलै, बुध.
पहाटे उठून दोघींनी कालवण केलं. बोंबील, वांगं, चिंच, आमचा मसाला. मोठं पातेलं, वर फडकं बांधलं. एसटीत कंडक्टरनं नाक वर करून विचारलं, "कुणाकडं बेत?" म्हटलं, साहेबाकडं.
कँटीनच्या टेबलावर आज चादर. मधोमध पातेलं ठेवलं. कँटीनवाला यादव घाबरला. "दीदी, ढक्कन लगा दूँ?" म्हटलं, उघडंच राहू दे.
साहेब हात चोळत आले, वाकले, आणि तोंड एवढंसं झालं! "हे काय? पापलेट कुठाय?"
"साहेब, घरून आणायला सांगितलंत. आषाढात आमच्या घरी हेच असतं."
दीक्षितबाईंनी पदर नाकाला लावला आणि यादवला खूण केली, पातेलं स्टँडवर ने. हवेशीर आहे म्हणे! त्यानं उचललं. मी त्याच्या हातातून घेतलं आणि पुन्हा होतं तिथं ठेवलं. चादरीवर रस्सा सांडला. सांडू दे! म्हटलं, "बाई, याच टेबलावर ठेवायचं असं तुम्हीच म्हणालात." आणि तिथून हलले नाही यावेळी.
साहेबांनी त्या वासातच भाषण केलं. आपण सगळे एक कुटुंब. टाळ्या.
वेल्डिंगचे दोघेतिघे वाढून घेऊन गेले, बाकीच्यांनी जिलबीवर भागवलं. पातेलं अर्ध्यावर.
आणि पुढचं लिहिताना आत्तासुद्धा डोकं तडकतंय. सगळे पांगल्यावर साहेब हळूच जवळ. "कुंदा, बोंबील मस्त दिसतायत गं. थोडे डब्यात भरून दे. घरी जाऊन निवांत खातो."
घरी जाऊन! दार लावून! चारचौघांत नाक मुरडायचं आणि मागल्या दारानं डबा मागायचा!
म्हटलं, "इथंच बसा ना साहेब. याच टेबलावर. मी वाढते."
"नाही नाही, गाडी थांबलीय."
"मग राहू दे."
"मिजास आली हं तुला," म्हणाले. हसत. पण डोळे हसत नव्हते.
पातेलं घरी आणलं. आईला सगळं सांगितलं. म्हणाली, "बरं केलंस." आणि कालवण पुन्हा चुलीवर चढवलं.

२६ जुलै
डब्यात कालचंच कालवण. सरळ जाऊन माझ्या जागेवर बसले. दीक्षितबाई आणि ते दोघे टेबलाशी आलेच नाहीत, आपापल्या खुर्चीवरच जेवले. सबंध टेबल मला एकटीला. घास काही गोड लागला नाही, खोटं कशाला लिहू. पण संपवलं. यादव पुसायला आला तेव्हा म्हणाला, "दीदी, अच्छा बना था." त्यानं काल कधी खाल्लं कोण जाणे.
दुपारी साहेबांच्या केबिनमधून कागद आला. कँटीनच्या भिंतीवर लावायची सूचना, मराठी मशीनवर टाइप करायची. म्हणजे मीच. त्यांच्याच अक्षरात: सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, कँटीनच्या टेबलावर उग्र वासाचे पदार्थ आणू नयेत. उद्या त्यांचा शेवटचा दिवस. सकाळी सही करून जाणार.
शिपाई सांगून गेला, साहेब घाई करतायत.
कागद चढवला. "सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की" इथपर्यंत आले. पुढं बोट उचललं आणि तसंच राहिलं. साडेपाचला मशीनवर कव्हर घातलं, छत्री घेतली, निघाले.
कागद आतच आहे.
आई चुलीपाशी. विचारतेय, उद्या डब्यात काय भरू?