खंदकावरचा दगड

लोणावळा, १२ फेब्रुवारी, संध्याकाळ

किरणोत्सारी कचरा काँक्रीटच्या खंदकांत पुरणार आहेत, जमिनीत फार खोल नाही. जागा इथून दूर आहे. तीनशे वर्षं तिथे कोणी खणू नये म्हणून वर एक दगड उभा करायचा. त्यावरचा मजकूर मी उद्या द्यायचा. ‘येथे खणू नका.’ सकाळी एवढंच लिहिलं आणि बरं वाटलं.

दुपारी कुरवंड्याच्या सखूमावशी ताक घेऊन आल्या. त्यांना वाचून दाखवलं.

“रानात एकलाच दगूड? लोकं शेंदूर लावत्याल की.”

मी हसले.

“हसता काय, ताई! आमच्या माळाला मोजणीवाल्यांनी दगूड रोवलता. आता तितं जत्रा भरती. लय पावतो.”

“कोण देव?”

“त्ये कुनाला ठावं? औंदा बोअर मारली. मान्सं येत्यात, पानी नगं?”

बोअर. म्हणजे खणलंच.

काँक्रीटला तडा कधी जाईल, पाणी किती झिरपेल, सगळ्याचा हिशेब अहवालात आहे. शेंदराचा नाही. प्रकल्पाच्या इंजिनिअरना फोन केला. “मॅडम, तुम्ही फक्त मजकूर द्या.”

मग दगडच नको, असं कळवायला बसले. खिडकीतून समोरचा उतार दिसतो. परवापरवापर्यंत तिथे नुसतं गवत होतं, देव नाही की दगड नाही. मोकळी जागा दिसली म्हणून बंगला आला. बंगलेवाल्यांनी सगळ्यात आधी पोहण्याचा तलाव खणला.

कळवलं नाही. मजकूरही तसाच पडून आहे. येथे खणू नका. शेंदराखालचं वाचणार कोण, आणि दगडाशिवाय थांबणार कोण? उद्या काय देऊ?