दाजींचा बहाद्दर अजून कच्चा आहे

शहागड शिवार, मळ्यातून
माघ महिना, १९९३

तीर्थरूप रामराव दाजींच्या पायाशी धाकटा मेहुणा कारभारी याचं डोकं टेकलेलं आहे, असं समजून पुढं वाचावं.

आमच्या ताईचा गुडघा आता कसा आहे? तुमचा खोकला, नवी म्हैस आणि चिरंजीव दिगंबरची तब्येत, सगळं झकास असेलच. दिगंबरच्या तब्येतीचं मुद्दाम विचारतो, कारण ती कशी वाढत चालली आहे ते संक्रांतीला डोळ्यांनी पाहिलं, आणि ती सगळीच्या सगळी शेवटी बहाद्दरच्या पाठीवर बसायची आहे.

तर बहाद्दरविषयी. माळेगावच्या जत्रेत तुम्ही हे शिंगरू घेतलं आणि बदनापूरला स्वतःच्या दारात न नेता माझ्या मळ्यात आणून बांधलं. बरोबरच होतं म्हणा. लग्न इथंच, नवरी माझी बेबीनंदा, नवरा तुमचा दिगंबर. आणि परण्याच्या मिरवणुकीत नवरदेव मारुतीच्या पाया पडायला जाणार तो घरच्या घोड्यावर, भाड्याच्या नाही, हा तुमचा शब्द. घोडा तयार झाल्याचं पत्र टाक, त्याच दिवशी तिथी काढतो, असं सांगून तुम्ही जेवून गेलात. (बेबीनंदानं केलेल्या पुरणपोळ्यांची तुम्ही तारीफ केली होती, ती तिला पोचवली. बारावीचं पुस्तक मिटून तिनं ऐकून घेतली आणि पुन्हा उघडलं.) तेव्हापासून साऱ्या गावाचं लक्ष त्या शिंगराकडे आहे. पोस्टमनसुद्धा टपाल देण्याआधी विचारतो, घोडं कुठवर आलं?

नाव तुम्ही बहाद्दर ठेवलंत. तो प्लास्टिकच्या बादलीला भितो, कोंबडीला भितो, आणि आमच्या मंडळींना, म्हणजे दुर्गाबाईला भितो. (शेवटचं आम्ही दोघं मिळून करतो.)

तुम्ही सांगितलं होतं, आधी लांब दोरीवर गोल फिरवायला शिकव, माणूस मधे, घोडा भोवती. मी म्हटलं, यात काय शिकायचंय? आपण बापजाद्यांपासून खळ्यावर बैल फिरवत आलो. मळणीचा तिवडा रोवलेलाच होता. त्याला दोरीची पक्की गाठ मारली, बहाद्दरला हाकललं आणि बाजेवर बसून तंबाखू मळत राहिलो. बहाद्दर फिरला. दोरी तिवड्याला गुंडाळत गेली, तसतसा तो आत आत येत गेला, आणि शेवटी नाक खांबाला लावून उभा राहिला. तिथून तो माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. तेवढ्यात लालमियाँ नालबंद आला. म्हणाला, "अजी पटेल, ये घोडा है, बैल नई. रस्सी हात में पकडो और खुद बीच में खडे रहो." म्हणजे तिवडा उपटून त्याच्या जागी मला रोवायचं.

उभा राहिलो. आता यातली खुबी अशी, की माणसानं घोड्याच्या मागच्या अंगाला राहून त्याला पुढं चुचकारायचं. मी मानी माणूस, पुढारीपणाची सवय, पुढंच गेलो. त्याला वाटलं, आपल्याला बोलावतायत. तो माझ्याकडे आला, मी मागं सरलो, तो आणखी आला, मी पळालो. खळ्याला किती फेरे झाले कोण जाणे. दुर्गाबाई दारातून ओरडली, "अवं, कोण कोणाला फिरवून राह्यलं?" मी बाजेवर चढून बसलो. दम उरला नव्हता.

पुढं जमलं, पण नवंच लचांड झालं. आमची बैलजोडी तिवडा डाव्या हाताला ठेवून फिरते, तशीच मी बहाद्दरलाही सवय लावली. तो त्याच अंगानं फिरायला शिकला. उजवीकडं वळवलं की चारी पाय रोवून उभा. तरी गावाची हौस म्हणून महिन्यामागं हलगी लावून त्याला रिकाम्या पाठीनं मारुतीपर्यंत नेला. देवळापुढची दीपमाळ बघितली मात्र, त्याला वाटलं हा थोरला तिवडा. निघाला गोल, देवाची दीपमाळ डाव्या अंगाला ठेवून! लोकांनी आधी हात जोडले. मग देवळात दिवाबत्ती करणाऱ्या केशरबाईच्या ध्यानात आलं. "आगं बया, उलटी परदक्षिणा! नवरदेवाला घेऊन असा फिरला तं संसाराचं काय व्हईल?" हलगीवाला जागच्या जागी थांबला. घोडा थांबला नाही.

तेव्हा दाजी, तुमच्यासमोर बोलायची माझी हिंमत नाही, पण घाई करू नये असं वाटतं. शिवाय लालमियाँ म्हणतो, दिसायला मोठं झालं तरी हाडं कच्ची आहेत. एवढ्यात बोजा टाकला तर जन्माचं वाकेल. अजून मोकळं हुंदडायचं वय आहे त्याचं. आत्ताच पाठीवर कुणाला बसवलं तर पुन्हा कधी मनानं धावणार नाही. त्या मुक्या जिवाला बोलता येत नाही, म्हणून मी बोलतो. यंदाचा वैशाख जाऊ द्यावा. ताईला नमस्कार, दिगंबरला आशीर्वाद आणि थोडा व्यायाम.

तुमच्या आज्ञेतला,
कारभारी

ता. क. पोस्टमन तुमच्या गावचा जावई आहे, तो सांगेल त्याआधी मीच सांगतो. कॉलेजातून आली की बेबीनंदा खळ्यात उभी राहते. ती "हं" म्हणाली की बहाद्दर दुडक्या चालीनं निघतो, "बस" म्हणाली की थांबतो. डावीकडं आणि उजवीकडंही. दीपमाळेचा प्रकार घडला खरा, पण तो तिनं दोरी धरायच्या आधी.

आणखी एक. पत्र दुर्गाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "घोड्याच्या हाडांसाठी इतकं लिव्हलं. पोरीचं एक अक्षर न्हाई." मी म्हटलं, दाजींना पोरीचं कसं लिहू? ते थोरले, शब्द देऊन बसलोय. ती म्हणाली, "मंग घोड्याचं बी कशाला लिव्हता?" आणि चुलीकडं गेली.

शेवटचं. बेबीनंदाला जालन्याला डी.एड. करायचं आहे. मला तिनं विचारलं, तेव्हा मी उठून घोड्याला चारा टाकायला गेलो. तुम्ही रागवाल, ताई रडेल, मला दोन्हीची भीती वाटते. पण रोज संध्याकाळी ती खळ्यात उभी असते, तेव्हा माझ्यानं तिच्याकडे बघवत नाही. घोडा तयार आहे दाजी, कधीही न्या. टेम्पो पाठवाल तो घोड्यापुरताच पाठवा.