चिनी दरबारातले बडे बाबू

बाबा, तुमचा तो टीव्हीवरचा म्हातारा चिनी प्रधान शेवटी सुटत नाही. मी सगळे भाग पाहिले, डिक्शनरी मांडीवर घेऊन, खाली येणारं इंग्रजी वाचत. तुम्हाला हे कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि घरात सांगणारी आता मी एकटीच उरले आहे.

आपला बालाघाटचा केबलवाला एक नंबरचा आळशी होता. त्याच्या भल्यामोठ्या छत्रीत जे सापडेल ते तो घरोघर सोडून द्यायचा, त्यातच कसं कोण जाणे हे चिनी चॅनल आलं होतं. संध्याकाळी साडेपाचला ती मालिका लागायची, आणि तुमची कचेरीतून यायची वेळही तीच. तुम्ही सायकल भिंतीला टेकवता, पाय धुता, खुर्ची टीव्हीसमोर ओढता, आई चहा आणून ठेवते. पडद्यावर लांब बाह्यांचे झगे घातलेली माणसं एकमेकांपुढे वाकताहेत, आणि त्यांचा एक शब्द आपल्या घरात कोणाला कळत नाही. आई म्हणायची, "काय समजते तुम्हाले त्याच्यातलं?" तुम्ही नजर न हलवता म्हणायचात, "भाषा कायले लागते? दरबार हाये तो. कोण कुठं उभा हाये ते पाह्य फक्त."

आणि खरंच, चार दिवसांत तुम्ही सगळ्यांना पदं वाटून टाकलीत. राजा म्हणजे तुमच्या कचेरीचे साहेब. जाड भुवयांचा सेनापती म्हणजे एसडीओ, उपविभागाचा अधिकारी. सतत राजाच्या कानाशी लागणारा एक गुळगुळीत चेहऱ्याचा होता, त्याला तुम्ही स्टेनो केलंत. आणि हातात कायम कागदाची गुंडाळी धरून उभा असलेला पांढऱ्या दाढीचा प्रधान म्हणजे बडे बाबू. तुम्ही हेडक्लार्क, कचेरीत तुम्हाला सगळे याच नावानं हाक मारत, म्हणजे तो तुम्हीच. "हा स्टेनो काही लिहून नाही देऊन राह्यला, नुसता बोलून राह्यला. याच्यापासून जपावं लागते," तुम्ही मला सांगायचात. मी तेव्हा बी.ए.ला होते. मला हसू यायचं, तरी रोज साडेपाचला मी तुमच्या शेजारी येऊन बसायचे.

हाताखालच्या कारकुनांना तुमचा एकच धडा असे. साहेब फाइलवर 'चर्चा करें' असं लिहितात, आत बोलावतात, तोंडी सांगतात. बाहेर आल्याबरोबर नोटशीटवर 'चर्चा अनुसार' लिहायचं आणि मगच पुढचं काम. लिहिलं तर निर्णय साहेबांचा, नाही लिहिलं तर तुमच्या गळ्यात. हा धडा अख्ख्या कचेरीला देणाऱ्या माणसानं त्या एका सरकारी प्लॉटच्या फाइलवर ते लिहिलं नाही. जागा भलत्याच माणसाला गेली, ओरड झाली, आणि साहेबांनी वर कळवलं की आदेश बडे बाबूंनी परस्पर काढला. तुम्ही निलंबित झालात. का नाही लिहिलं, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "साहेब आपल्या घरी जेवून गेलते. तुह्या आईच्या हातची पुरणपोळी मागून खाल्ली त्याहीनं. आता त्याहीच्यावर कागद करू काय मी?" ज्याला पाटावर बसवून वाढलं त्याच्याविरुद्ध पुरावा ठेवणं तुम्हाला असभ्य वाटलं. मला अजूनही या गोष्टीचा राग येतो, बाबा, आणि त्या रागात मी पुरणपोळी करणं सोडून दिलं आहे.

निलंबनात तुम्हाला खैरलांजीच्या सरकारी कचेरीत रोजची हजेरी लावून दिली. रोज सकाळच्या बसनं जायचं, रजिस्टरवर सही करायची, रिकाम्या बाकावर बसायचं, आणि दुपारच्या बसनं परत यायचं, साडेपाचच्या आत. कारण तिकडे प्रधानाचंही तेच चाललं होतं. त्याच्या घरातून कसलेतरी कागद सापडले, त्याला दरबारात गुडघ्यांवर बसवलं, सेनापती ओरडला, स्टेनो रडल्यासारखं करू लागला. प्रधान काहीच बोलला नाही. भागामागून भाग गेले, तो बोलला नाही. तुम्ही खुर्चीच्या कडेवर येऊन बसायचात. "डाव हाये हा," तुम्ही म्हणायचात. "त्याले मालूम हाये, राजा आज ना उद्या खरं शोधतेच."

आरोपपत्र आलं तेव्हा हिंदी उत्तर मी लिहिलं. तुमच्यापेक्षा माझं हिंदी बरं होतं. पाच पानं लिहिली. त्यात साहेबांनी बोलावलं तो दिवस, दाराशी कोणता शिपाई होता, सगळं होतं. तुम्ही स्वयंपाकघरात आईजवळ उजेडाला बसून ते वाचलंत आणि साहेबांचं नाव जिथे जिथे होतं तिथे तिथे पेनानं आडवी रेघ ओढलीत. शेवटी काहीच उरलं नाही. मी चिडले. "बाबा, ती टीव्हीवरची गोष्ट हाये! तुम्हाले त्याच्यातलं एक अक्षर समजत नाही!" तुम्ही मला जन्मात कधी ओरडला नव्हतात. त्या दिवशी ओरडलात. "चूप बस! पस्तीस साल दरबारातच काढले मी. तू मले शिकवतं काय?" मग नव्या कागदावर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिलीत, 'मुझे अपने बचाव में कुछ नहीं कहना है,' आणि खाली सही केलीत. तो कागद मीच नेऊन दिला. वाटेत फाडून टाकायचा विचार आला होता, पण हिंमत झाली नाही.

पुढच्याच महिन्यात केबलवाल्यानं ते चॅनल काढून तिथे सिनेमाचं लावलं. प्रधान अजून कोठडीतच होता. तुम्ही स्वतः केबलवाल्याच्या दुकानात गेलात. तो हसून म्हणाला, "अंकल, पूरे बालाघाट में वो चैनल बस आप ही देखते थे." तुम्ही घरी आलात आणि काही दिवस साडेपाचला नुसतेच खुर्चीत बसायचात. मग शेवट तुम्हीच ठरवून टाकलात. सुटला असेल, राजानं स्वतः बेडी काढली असेल. चौकशीची तारीख मात्र पुढे ढकलली जात राहिली, आणि तिच्या आधी तुमचं हृदय थांबलं. 'कर्मचारी की मृत्यु हो जाने से प्रकरण समाप्त.' एवढंच पत्र आलं. दोषी नाही, निर्दोषही नाही. आई ते पत्र उलटून पाहायची, मागच्या बाजूला काही लिहिलं आहे का म्हणून.

मला तुमच्या जागी अनुकंपा नोकरी मिळाली. तुमच्याच कचेरीत, तुमच्या खुर्चीपासून दोन टेबलं सोडून. साहेब तोवर वरच्या पदावर गेले होते. माझी शिफारस त्यांनीच केली आणि सांत्वनालाही आले. आईनं त्यांना चहा दिला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी नागपुरात एका दुकानात त्या प्रधानाचा चेहरा मला डीव्हीडीच्या डब्यावर दिसला. मी पूर्ण संच उचलला आणि मग रोज एक भाग पाहिला. शेवटच्या आधीच्या भागात राजा एकटाच कोठडीत येतो, स्वतःच्या हातानं प्रधानाला चहा ओततो आणि सांगतो की तुझ्या घरात ते कागद मीच ठेवायला लावले, मला छाटायला एक मान हवी होती आणि तुझ्याइतका गप्प राहणारा दुसरा कोणी नव्हता. बाबा, राजाला शोधायचं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी प्रधानाला चौकात नेतात.

इथपर्यंत लिहून मी तीन वेळा कागद बाजूला ठेवला. आता राहिलेलं सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, माझी परिवीक्षा संपून नोकरी पक्की व्हायची होती आणि त्या कागदावर साहेबांची सही लागणार होती, तेव्हा रेकॉर्डरूममध्ये मला तुमची ती फाइल सापडली. शेवटच्या पानामागे पिनेनं लावलेली चिठ्ठी होती, साहेबांच्या अक्षरात. 'बडे बाबू, आदेश आज ही निकाल दें.' खाली आद्याक्षरं आणि तारीख. कागद फाइलीतच राहायला हवा म्हणून तुम्ही तो लावून ठेवलात, आणि मला, आईला, कोणाला सांगितलं नाहीत. आरोपपत्र तयार करणाऱ्यानंही तो पाहिलाच असणार. मी वाचला, फीत बांधली, फाइल परत कपाटात ठेवली. घरी आईनं विचारलं, "काही सापडलं काय वं तुह्या बाबाचं?" मी नाही म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि पुढे चार वर्षांनी ती गेली.

हे पत्र मी कुठेच टाकणार नाही. तुमचा पत्ता नाही हे काही खरं कारण नव्हे. मागच्या महिन्यात कचेरीत जुन्या फाइली जाळायच्या ठरल्या. त्यांची यादी मीच टाइप केली, तुमच्या फाइलीशी आल्यावर थोडी थांबले, आणि चिठ्ठीसकट तिचाही नंबर घालून पुढच्या ओळीवर गेले.