फलकावरचं पाचवं नाव

बाबा, मागच्या शुक्रवारी तुमचं नाव मी यादीतून काढायला लावलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आडवळणानं बोललेलं तुम्हाला आवडायचं नाही. फोनवर मी शाळेतल्या गोष्टी रंगवून सांगायला लागले की तुम्ही म्हणायचात, "मुद्द्यावर ये, माझी ड्युटी आहे."

मी दोहात आले त्याला दीड वर्ष झालं. वेस्ट बेमध्ये एका इंजिनिअरिंग ऑफिसात नकाशे आणि कागदपत्रं सांभाळते. तुम्ही हमद पोर्टवर जहाजावरचे कंटेनर साखळदंडांनी बांधायचात आणि मी विसाव्या मजल्यावर फायली बांधते, असं आई सगळ्यांना सांगते. पहिल्याच महिन्यात काका, म्हणजे तुमचे खोलीतले सोबती आणि संघाचे कप्तान, भेटायला आले. मला बघून रडले आणि लगेच म्हणाले, "ग्रॅज्युएट झालीस ना? मग मंडळाचं लिहिण्याचं काम तुझं." तुमचं कबड्डी मंडळ आणि रत्नागिरीवाल्यांचं मंडळ आता एकच झालंय. खेळणारे उरले कमी आणि गुडघे धरून बसणारे जास्त. म्हणून यंदा ठरलं की खेळ सोडलेल्यांपैकी पाच जणांची नावं एका फलकावर कोरायची आणि तो मंडळाच्या खोलीत कायमचा लावायचा. निवडीसाठी चौघांची समिती झाली: काका, रत्नागिरीवाल्यांचे जुने चढाईपटू चाचा, पुण्याचे एक इंजिनिअर साहेब आणि मी.

नियम मीच लिहिले. निदान पाच वर्षं इथल्या मैदानावर खेळलेला हवा, आता निवृत्त हवा, हयात नसला तरी चालेल, आणि तिसरा, खेळात सचोटी हवी. काका तो कागद लांब धरून वाचत म्हणाले, "अगो, कबड्डी आहे ही. तू काय राज्यघटना लिहितेस?" पण मला ते मनापासून हवं होतं. वशिल्यानं लागलेलं एकही नाव तिथे नको, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. तुम्ही असतात तर हसला असतात.

मग चार शुक्रवार नुसती भांडणं. चाचा जुम्याची नमाज आटोपून यायचे, येताना सगळ्यांसाठी कागदी कपांतून करक चहा आणायचे, आणि पहिला घोट घ्यायच्या आत वाद पेटायचा. एक चढाईपटू असा की एका सामन्यात वीस गुण घ्यायचा, पण पंचाच्या अंगावर धावून जायचा. "गुण बघा, स्वभाव कशाला बघता?" असं काकांचं म्हणणं. चाचा म्हणाले, "गुण त्याचे, आणि माफी मागायला दरवेळी तू जायचास, ते विसरलास?" दुसरा एक उत्तम खेळणारा, पण सहाव्या वर्षी दुबईला निघून गेला. काका म्हणाले, "दुबईला गेला म्हणजे आपल्यासाठी मेला." साहेब हळूच म्हणाले, "मेलेले चालतात ना आपल्याला? मग?" सगळे हसले, मीही हसले. सगळी नावं चढाई करणाऱ्यांचीच येताहेत, पकड करणाऱ्यांचं काय, हा मुद्दा मात्र मी काढला नव्हता. तो चाचांनी काढला, आणि तुमचं नाव घेतलं.

"डावा कोपरा," चाचा म्हणाले. "असा कोपरा कतारमध्ये परत उभा राहिला नाही. घोटा धरला की सुटायचा नाही. आणि वर काय माणूस! पंचाला दिसलं नसलं तरी टच झाला की स्वतः हात वर करून बाहेर जायचा. बेटी, तुझा तिसरा नियम मी वाचला तेव्हा मला तुझा बापच आठवला." काकांनी मांडीवर थाप मारली. "झालं. खलास. ह्याच्यावर चर्चा नको." त्याच संध्याकाळी त्यांनी आईला फोन करून सांगूनसुद्धा टाकलं.

बाबा, तुमची शेवटची सुट्टी मी विसरलेली नाही. मी अकरावीत आहे. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आलाय, भाषणाचा विषय माझे वडील. तुम्ही मोरीजवळ बसून कोलंबी सोलताय, आई बाजारात गेलीय, आणि मी तुम्हाला ते भाषण हातवारे करून म्हणून दाखवतेय. फायनलच्या चषकाचा तुम्ही पाठवलेला फोटो मी वर्गात सगळ्यांना दाखवला होता, तेही त्यात आहे. "माझे बाबा बाद झाले तर कुणी सांगायची वाट बघत नाहीत," या वाक्याला शाळेत टाळ्या पडल्या होत्या. तुम्ही हातातली कोलंबी ताटलीत ठेवलीत. म्हणालात, "ते वाक्य काढ त्यातनं."

मग तुम्ही सांगितलंत. फायनलची शेवटची चढाई, आपण एका गुणानं पुढे. चढाई करणाऱ्याच्या पायाचा अंगठा तुमच्या टाचेला लागला. तो परत जाऊन ओरडला, "डावा कोपरा, टच!" पंच पलीकडच्या बाजूला होता, त्याला दिसलं नव्हतं. त्यानं तुमच्याकडे बघितलं, कारण तुमच्याकडे बघितलं की पुरत असे. आणि तुम्ही खाली वाकून गुडघ्याचं बँडेज घट्ट करत बसलात. मी विचारलं, का? तुम्ही ताटलीतली कोलंबी पुन्हा सोलायला घेतलीत. मग म्हणालात, "तुला फोटो पाठवायचा होता."

मी सोळा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. मी म्हणाले, "मग तो कप परत द्या." तुम्ही म्हणालात, "कसा देणार आता?" सुट्टीचे सहा दिवस उरले होते. ते सहाही दिवस मी तुमच्याशी आईमार्फत बोलले. "बाबांना सांग जेवायला." तुम्ही निघालात तेव्हा मी आत केस विंचरत होते. तुम्ही दारातून दोनदा हाक मारलीत. तिसऱ्यांदा गाडीवाल्यानं हॉर्न दिला. चार महिन्यांनी बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीतल्या खोलीत सकाळी कामावर निघताना तुम्ही बुटाची नाडी बांधायला बसलात आणि उठला नाहीत. नाडीचं काकांनीच मला सांगितलं, दोहात आल्यावर.

मागच्या शुक्रवारी यादीवर सह्या व्हायच्या होत्या. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. बाबा, मी सही करणार होते. पेन हातात घेतलं होतं. पण समोर चाचा बसले होते, आणि त्या फायनलला चढाई करणारे तेच होते. मी पेन ठेवलं आणि मोरीपासून बँडेजपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज भाषणासारखा झाला, त्याची मला लाज वाटत होती.

मग चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे लागला होता." आणि पुन्हा, "लागला होता तर." त्यांच्या संघानं त्यांना त्या दिवशी खोटारडा म्हटलं होतं, बाबा. तो माणूस हात वर करत नाही म्हणजे टच झालाच नाही, तू उगाच गुण मागितलास, असं सगळे म्हणाले. पुढे पुढे त्यांनाही वाटू लागलं की आपल्याला भास झाला. "मी त्याच्या खोलीवर गेलो होतो माफी मागायला," चाचा म्हणाले. "त्यानं मला चहा पाजला. माझा हात हातात धरून बसला कितीतरी वेळ. मला वाटलं, केवढा मोठा माणूस." हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. मोरीजवळ निम्मंच सांगितलं होतंत.

काका ताडकन उठले. "मेलेल्या बापाचं हे काढून काय मिळवलंस तू? कोण विचारत होतं तुला?" आणि चपला घालून निघून गेले. साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "तिसरा नियम तुम्हीच लिहिलाय. आता आम्ही काय करायचं, तुम्हीच सांगा." मी म्हणाले, नाव काढा. चाचांनी मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. साहेबांनी तुमच्या नावावर रेघ मारली आणि त्या जागी दुबईला गेलेल्याचं नाव लिहिलं.

मी बरोबर केलं का, हे मी तुम्हाला विचारत नाही. तुम्ही हो म्हणाल आणि मला त्याचा काही उपयोग होणार नाही. मला वेगळंच सांगायचंय. बोलत होते ना, तेव्हा मला आतून वाटत होतं की हे माझं ऐकणार नाहीत. चाचा म्हणतील, वेडी आहेस, एका अंगठ्यासाठी एवढ्या वर्षांचा खेळ पुसतात का? काका दरडावून गप्प बसवतील. तुमचं नाव राहील आणि मी खरंही बोललेली असेन. पण मी शिकलेली ना. माझं ऐकतात आता सगळे.

फलक लागला. मी लांबून बघून आले. काका अजून माझा फोन घेत नाहीत, आणि त्यांनी आईलाही काही कळवलेलं नाही. आई रोज व्हिडिओवर विचारते, "नाव लागलं काय गो? कुठल्या अक्षरात आहे?" मी सांगितलं, फलक अजून दुकानात आहे, कोरणारा रजेवर गेलाय. काल ती म्हणाली, तिनं आळीत सगळ्यांना सांगितलंय आणि फोटो आला की मोठा करून लावणार आहे. मी म्हटलं, हो, पाठवते.