खोकणाऱ्या बिशपची सव्वीस वर्षे

देवाच्या कृपेने आणि पाद्रीमंडळाच्या अंदाजचुकीने लिंडेनफुर्टचा बिशप झालेला मी, एबरविन, वय वर्षे त्र्याहत्तर, हे मृत्युपत्र लेखनिक टिलमानकडून लिहवून घेत आहे. पाय सुजले आहेत, डोके ताळ्यावर आहे. दडपण कोणाचेही नाही. थोरली बहीण मेट्झे दाराशी उभी आहे, तेवढेच.

कलम पहिले. मला नदीकाठच्या लहान चर्चमध्ये बापाशेजारी पुरावे. बाप नावाडी होता. बाराव्या वर्षापर्यंत मीही वल्हे मारले. मग गावच्या पाद्र्याने लॅटिन शिकवले आणि धर्मकायदा शिकायला बोलोन्याला धाडले. कॅथेड्रलमध्ये माझा दगडी पुतळा नको. आमच्या पाथरवटांना नाक जमत नाही.

कलम दुसरे. अंगठी, मुकुट आणि धर्मदंड कॅथेड्रलचे आहेत, ते परत जावेत. कायद्याची पुस्तके टिलमानला. समासात मी लिहिलेल्या शिव्या त्याने खोडू नयेत. लोकरी अस्तराचा झगा मेट्झेला.

"त्याला कसर लागलीय," मेट्झे म्हणते. "द्यायचाच होता तर दहा वर्षांपूर्वी द्यायचास."

टिलमान, हेही लिही.

कलम तिसरे, म्हणजे मी बिशप कसा झालो. जुने बिशप वारल्यावर मंडळात दोन तट पडले आणि अकरा आठवडे निवड होईना. शेवटी गुम्प्रेख्ट, जे आज मंडळाचे प्रमुख आहेत, उठून म्हणाले, "तो कोर्टातला खोकणारा एबरविन घ्या. पुढचा ईस्टर काही बघत नाही तो. तोवर आपण शांतपणे ठरवू." मी तेव्हा धर्मकोर्टात न्यायाधीश होतो आणि शेजारच्याच खोलीत खटल्यांचे कागद लावत होतो. वाईट वाटले नाही. माझाही अंदाज तोच होता.

त्या हिवाळ्यात गावची सुईण कुन्ने स्वयंपाकघरात आली. "बिशपसाहेब, खोकताय की लाकडं फोडताय?" म्हणाली आणि मध, कांदा आणि कसलासा रानपाला उकळून दिला. ईस्टरपर्यंत खोकला गेला. गुम्प्रेख्ट सव्वीस वर्षे वाट पाहत राहिले.

कलम चौथे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याच कोर्टात तक्रार केली की कुन्ने चेटकीण आहे. पुरावा म्हणून माझ्याकडे बोट दाखवले. "मरायला टेकलेला माणूस खेचरावर बसून गावोगाव हिंडतो. चेटकाशिवाय हे होतं का?"

मी हसलो. मग खिडकीतून बाजारचौकात तिला जाळायला रचलेली लाकडे दिसली आणि हसू गेले. कुन्ने हात बांधलेली समोर उभी होती. नुसते सोडले असते, तर बिशपवरच चेटूक झाले असे लोक म्हणाले असते. मी तिला शेगडीवर काढा करायला लावला. पहिला पेला मी प्यालो, दुसरा गुम्प्रेख्टना दिला. त्यांचा घसा त्या आठवड्यात बसला होता. भरल्या कोर्टात नाही म्हणता येईना, प्याले. रविवारच्या उपासनेत त्यांनी मिस्सा अशी गायली की कबुतरे उडाली. मी निकाल लिहिला: निर्दोष.

कलम पाचवे, ज्यासाठी हा सारा खटाटोप. माझ्यामागे गादी बहुधा गुम्प्रेख्टना मिळेल. कुन्ने म्हातारी झाली आहे आणि खटला पुन्हा उघडता येतो. म्हणून निकालाची एक प्रत तिच्याकडे, एक कॅथेड्रलच्या पेटीत आणि एक नदीपलीकडच्या धर्मभगिनींच्या मठात राहावी. शिवाय तो काढा आपण स्वतः प्यालो, असे लिहून गुम्प्रेख्टनी इथे सही करावी, म्हणजे पुढे त्याला चेटूक म्हणता येणार नाही.

आज सकाळी त्यांनी हे वाचले आणि लाल झाले.

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर मी मरायचं पुढे ढकलतो. कुन्ने खालीच आहे."

ते हसले नाहीत. माझ्या पायांकडे बघत राहिले. या सुजेवर औषध नाही, हे कुन्नेने मला सरळ सांगितले आहे. त्यांनाही कळले असावे. मग ते खाटेवर बसले. "एबरविन," म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नुसते नाव. "तिला कोणी हात लावणार नाही. पण तुझ्या कागदात एक गोष्ट राहिलीय."

टिलमानच्या हातून लेखणी घेऊन त्यांनी काय लिहिले, ते खाली आहे. मी खोडलेले नाही.

लिंडेनफुर्ट, संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस, इसवी सन १४७५.

सही: एबरविन

साक्षीदार: टिलमान, लेखनिक

साक्षीदार: गुम्प्रेख्ट, मंडळप्रमुख. काढा मी प्यालो. बाई निर्दोष आहे. चौकातली लाकडे मी आणवली होती.